अमेरिकेहून आणलेलं उपकरण सोलापुरात कसं चालवावं

सोलापुरात घरच्या सॉकेटला २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ (सेकंदाला ५० लाटा) वीज असते. अमेरिकेत १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. तिकडून येताना मुलं बॅगेत मिक्सर नाहीतर इलेक्ट्रिक कुकर घालून आणतात आणि सोबत एक छोटा ॲडॉप्टर. ॲडॉप्टर फक्त पिना जुळवून देतो. व्होल्टेज होतं तेवढंच राहतं आणि उपकरण पहिल्याच बटणाला जातं.

आधी उपकरण उलटं करून लेबल वाचा. ‘इनपुट’समोर १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं छापलेलं असेल तर ॲडॉप्टर पुरे. मोबाइल आणि लॅपटॉपचे चार्जर बहुतेक असेच असतात. इलेक्ट्रिक टूथब्रशचा चार्जर मात्र फसवतो. एवढासा असूनही तो कधी कधी निव्वळ १२० चा निघतो. जुन्या डेस्कटॉपच्या पॉवर सप्लायला मागे ११५/२३० चं सरकबटण असतं. ते ११५ वर राहिलं तर आतले कपॅसिटर फुटतात.

लेबलवर फक्त १२० व्होल्ट असेल तर पुढचा प्रश्न, आत आहे काय? हीटर असेल तर व्होल्टेज १.९ पट झालं की वॅट त्याच्या वर्गाने, म्हणजे सुमारे ३.७ पट वाढतात. १००० वॅटचा हेअर ड्रायर ३७०० वॅट ओढायला जातो. ड्रायर, इस्त्री, केटल तिकडेच ठेवून यावं हे बरं. त्यांना लागणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या पैशात नवी पेठेत नवीन वस्तू मिळते.

आणण्यासारखं उपकरण असेल तर २३० चे ११० करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. ट्रान्सफॉर्मरची ताकद व्हीएमध्ये (व्होल्ट गुणिले ॲम्पिअर) मोजतात. हीटरवाल्या उपकरणाला वॅटच्या सव्वा ते दीडपट व्हीए लागतात, मोटारीला किमान दुप्पट, कारण सुरू होताना मोटार जास्त करंट ओढते. म्हणजे १००० वॅटच्या कुकरला १५०० व्हीए, ५०० वॅटच्या मिक्सरला निदान १०००. दुकानात ‘डबल वायंडिंग (तारेची दोन वेगळी वेटोळी), तांब्याची’ असं स्पष्ट सांगा. स्वस्तातला बहुधा ‘ऑटो’ असतो. त्यात एकच वायंडिंग असते आणि तिचा खालचा भाग तुटला की आउटपुटला थेट २३० येतात. प्रवासात वापरायचे हलके ‘१६०० वॅट’ कन्व्हर्टर विजेची लाट कापून देतात. ते फक्त साध्या हीटरसाठी, तेही थोडा वेळ. स्टॅबिलायझरचा इथे काही उपयोग नाही.

आउटपुट ११० चंच मागा, १२० चं नको. डीपीजवळच्या घरात रात्री लोड कमी झाल्यावर व्होल्टेज २५० पर्यंत चढू शकतं. तेव्हा ११० चा ट्रान्सफॉर्मर १२० देतो आणि १२० चा १३०.

१५०० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर इकडून साडेसहा ॲम्पिअर ओढतो, म्हणून तो १६ ॲम्पिअरच्या पॉवर सॉकेटलाच लावावा. आधी ट्रान्सफॉर्मर एकटा चालू करा. बटण दाबताक्षणी एमसीबी पडला तर लगेच घाबरू नका. आतला लोखंडी गाभा चुंबकीत होताना क्षणभर मोठा करंट जातो. वारंवार पडत असेल तर इलेक्ट्रिशियनकडून सी-टाइप (असा क्षणिक झटका सोसणारा) एमसीबी बसवून घ्या. मग मल्टिमीटरने आउटपुट मोजा, उपकरण दहा मिनिटं चालवा, पुन्हा मोजा. घरचं व्होल्टेज तेच असून आउटपुट १०० च्या खाली घसरलं, किंवा ट्रान्सफॉर्मरवर हात ठेवता येत नसेल, तर तो कमी पडतोय.

आता हर्ट्झ, जे बहुतेकजण विसरतात. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नाही. कार्बन ब्रशच्या मोटारीला, म्हणजे मिक्सर, ड्रिल, व्हॅक्यूम क्लीनरला, फरक पडत नाही. ६० हर्ट्झची इंडक्शन मोटार (बिनब्रशची, पंख्यात-फ्रिजमध्ये असते तशी) मात्र ५० वर सहाऐवजी पाचच्या हिशेबाने फिरते आणि १२० व्होल्टवर तापते. तिला १०० व्होल्टच मानवतात. लेबलवर नुसतं ६० हर्ट्झ लिहिलेल्या मायक्रोवेव्हच्या वाटेला जाऊच नये. विजेच्या लाटा मोजून चालणारं घड्याळ तासाला दहा मिनिटं मागे पडतं.

अमेरिकन प्लग कापून भारतीय प्लग लावू नका. एक तर चपट्या पिना असल्या की घरातलं दुसरं कुणी चुकून ते २३० ला लावत नाही. दुसरं म्हणजे रंग. तिकडे काळी वायर फेज आणि पांढरी न्यूट्रल. आपल्या जुन्या वायरिंगमध्ये काळी न्यूट्रल. वायरमन सवयीने जोडतो, मग बटण बंद करूनही उपकरणात फेज राहतो. हिरवी दोन्हीकडे अर्थिंगच.

अर्थिंगही मोजा. मीटर ७५० एसीवर ठेवून फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ जवळपास सारखे यायला हवेत. न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपर्यंत ठीक. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे जमीन कोरडी पडते आणि मीठ-कोळशाच्या जुन्या खड्ड्याचं अर्थिंग कमजोर होतं. त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओता.

लाइट गेल्यावर स्क्वेअर वेव्ह (चौकोनी लाट देणाऱ्या) इन्व्हर्टरवर हा ट्रान्सफॉर्मर चालवू नका. तो गुरगुरतो आणि तापतो.