गरोदरपणातील आणि बाळंतपणानंतरची मालिश: स्थिती, दाब आणि थांबण्याच्या खुणा

गरोदर स्त्रीला मालिश करायची म्हटले की आधी चर्चा होते ती तेलाची, आणि खरे तर तीच सर्वांत सोपी बाब आहे. अंगाला पूर्वीपासून चालत आलेले कोणतेही साधे, बिनवासाचे तेल पुरते. तेल नवीन असेल तर आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला दोन थेंब लावून खाज किंवा पुरळ येते का ते पाहावे. सुगंधी अर्क पहिल्या तीन महिन्यांत वापरू नयेत, कारण एरवी आवडणारा वासही या दिवसांत मळमळ आणतो. विचार करावा लागतो तो झोपण्याच्या स्थितीचा आणि पायांचा.

त्याआधी मालिश करावी की नाही, हे ठरवायला हवे. अंगावरून रक्त जात असेल, वार (प्लॅसेंटा) गर्भाशयात खाली असल्याचे सोनोग्राफीत दिसले असेल, मुदतीपूर्वी कळा येण्याची भीती असेल, रक्तदाब वाढलेला असेल किंवा पूर्वी कधी रक्ताची गुठळी झाली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मालिश करून घेऊ नये. ताप असताना तर नकोच. विसाव्या आठवड्यानंतर तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमक, बरगड्यांखाली दुखणे, चेहरा आणि हात अचानक सुजणे ही लक्षणे दिसली तर ती प्री-एक्लॅम्प्सियाची, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढून होणाऱ्या गंभीर आजाराची असू शकतात. अशा वेळी डोके चेपून देण्यात वेळ घालवू नये, लगेच रुग्णालय गाठावे.

पहिल्या तीन महिन्यांत मालिश केल्याने गर्भपात होतो, असे अनेकजण सांगतात. हळुवार मालिशीबाबत त्याला भक्कम पुरावा नाही. गर्भपात बहुतांशी याच काळात होतात आणि त्यांतील पुष्कळांचे मूळ गर्भाच्या गुणसूत्रांतील दोषात असते. तरीही बरेच व्यावसायिक या काळात मालिश करत नाहीत, आणि त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. थकवा फार असेल तर खुर्चीत बसून मान, खांदे आणि तळहात यांना दहा-पंधरा मिनिटे हळुवार मालिश करून घेतली तरी पुरेसा आराम पडतो.

साधारण विसाव्या आठवड्यानंतर पाठीवर सपाट झोपून मालिश करून घेऊ नये. वाढलेले गर्भाशय पाठीच्या कण्याजवळून हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेवर दाब देते, रक्तदाब उतरतो, घाम फुटतो, गरगरते आणि बाळाकडे जाणारे रक्तही कमी होते. म्हणून कुशीवर, शक्यतो डाव्या कुशीवर झोपावे. डोक्याखाली अशी उशी घ्यावी की मान खांद्याच्या रेषेत राहील. दुसरी उशी दोन्ही पायांच्या मध्ये ठेवावी, पण ती फक्त गुडघ्यांपुरती नको. घोट्यापर्यंत पोहोचली नाही तर वरचा पाय खाली लोंबतो आणि कंबर पिळल्यासारखी होते. तिसरी, पातळ उशी किंवा घडी केलेला टॉवेल पोटाच्या खालच्या बाजूला सरकवावा, म्हणजे पोटाचे वजन अस्थिबंधांवर येत नाही. वरच्या हाताला कवटाळायला चौथी उशी दिली की खांदा आपोआप सैल सुटतो. पोटासाठी भोक असलेले मालिशचे टेबल पाहायला सोयीचे वाटते, परंतु त्यात पोट खाली लोंबते आणि कमरेवर ताण येतो. त्यापेक्षा चार उशा बऱ्या. एका कुशीवर वीस-पंचवीस मिनिटे झाली की कूस बदलावी, आणि शेवटी उठताना आधी पाय खाली सोडून क्षणभर बसावे, मगच उभे राहावे.

पाठीवर, कण्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर, तळहाताने लांब आणि संथ हात फिरवावा. कण्यावर थेट दाब देऊ नये. रिलॅक्सिन या संप्रेरकामुळे अस्थिबंध सैल झालेले असतात, म्हणून सांधे ओढणे, कंबर मोडून देणे, कडकडा आवाज काढणे हे प्रकार वर्ज्य समजावेत. पोटावर तेल लावायचे तर स्वतः त्या स्त्रीनेच हलक्या हाताने लावावे.

पायांबाबत मात्र कसलीही सूट नाही. गरोदरपणात रक्त लवकर गोठते आणि पायांतील रक्तप्रवाह मंदावतो, त्यामुळे पोटरी किंवा मांडीच्या खोल शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. हा धोका बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत आणखी जास्त असतो. गुठळी असलेल्या पायावर जोराने अंगठे रुतवले तर ती सुटून फुप्फुसात जाऊन अडकू शकते. म्हणून हात लावण्यापूर्वी दोन्ही पाय शेजारी ठेवून पाहावेत. एकच पाय सुजलेला, लाल किंवा गरम असेल, अथवा चालताना एकाच पोटरीत दुखत असेल, तर मालिश करू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. असे काही नसेल तेव्हाही घोट्याकडून वर मांडीकडे उघड्या तळव्याने हलकेच हात फिरवावा, आणि फुगलेल्या निळ्या शिरा वगळाव्यात.

चौतिसाव्या आठवड्यानंतर योनिमार्ग आणि गुदद्वार यांच्या मधल्या भागाची मालिश करता येते, आणि ज्या स्त्रीची ही पहिलीच नैसर्गिक प्रसूती असेल तिला चीर द्यावी लागण्याची शक्यता त्यामुळे कमी होते. नखे कापून आणि हात धुऊन, तेल लावलेला अंगठा सुमारे 3 सेंटिमीटर आत ठेवून खाली व दोन्ही बाजूंना, ताण जाणवेल पण दुखणार नाही इतपत, मिनिटभर दाबून धरावे. एकूण पाच मिनिटे पुरतात. वरच्या बाजूला लघवीचे द्वार असल्याने तिकडे दाब देऊ नये. वार खाली असेल, जंतुसंसर्ग असेल किंवा पाणी गेले असेल तर हे करू नये.

नैसर्गिक प्रसूतीनंतर थकवा उतरला आणि मन झाले की खांदे व पाठीची हलकी मालिश सुरू करता येते, कारण बाळाला पाजताना सर्वाधिक आखडतात ते हेच भाग. ‘पोट आत जावे’ म्हणून ते जोराने रगडणे निरुपयोगी आहे. गर्भाशय आपल्या गतीने आकसते आणि मधोमध फाकलेले पोटाचे स्नायू दाबाने जुळत नाहीत. तासाभरात एक पूर्ण पॅड भिजेल इतका रक्तस्राव झाला किंवा ताप 38 अंश सेल्सिअसच्या वर गेला तर मालिशीचा विचार बाजूला ठेवून रुग्णालयात जावे.

सिझेरियन झाले असेल तर जखमेला हात लावण्याची घाई करू नये. जखम पूर्ण मिटली, खपली गेली, कुठूनही स्राव येत नाही आणि डॉक्टरांनी पाहून होकार दिला, की साधारण सहा ते आठ आठवड्यांनी वणाची मालिश सुरू करता येते. आधी काही दिवस वणाच्या भोवतीच्या त्वचेवर दोन बोटांनी छोटी वर्तुळे काढावीत, म्हणजे बधिर झालेल्या जागेला स्पर्शाची सवय होते. नंतर बोटे वणावर ठेवून त्वचा वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलकेच सरकवून पाहावी. जिथे ती अडकल्यासारखी वाटते तिथे थोडे थांबावे. जळजळ किंवा टोचणारी वेदना झाली तर दाब कमी करावा.

स्तनांच्या बाबतीत जुना सल्ला आता बदलला आहे. पाजण्याच्या काळात स्तनात गाठ आली की ती जोराने चोळून फोडावी असे पूर्वी सांगितले जाई, परंतु अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या संस्थेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार खोल मालिशीमुळे सूज आणि ऊतींची इजा वाढते. त्याऐवजी थंड शेक द्यावा आणि मांजराच्या अंगावरून फिरवावा इतका हलका हात काखेच्या दिशेने फिरवावा. स्तनाग्राजवळ लागलेले तेल मात्र पाजण्यापूर्वी ओल्या कापडाने पुसून घ्यावे.