काउंट ४ हजार: पहिल्या इमर्जन्सीला बसण्याआधी

मेडिसिनची रेसिडेन्सी सुरू होऊन मला १५ दिवसही झाले नव्हते. रात्री ११ च्या सुमाराला एक बाई आपल्या १६ वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. "९ दिवस झाले, अंगावरून जायचं थांबतच नाही," एवढंच त्या परत परत सांगत होत्या. हिमोग्लोबिन ५, प्लेटलेट ४ हजार. आकडा बघून माझे हात गार पडले आणि मी घाईघाईने ब्लड बँकेचा फॉर्म भरायला घेतला. सीनियर मॅडम आल्या, त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि टॉर्च मागितला. मुलीच्या गालांच्या आतून काळपट रक्ताचे फोड आले होते. "हे आधी बघायचं," त्या म्हणाल्या.

तुम्ही आता रुजू होताय, म्हणून तिथूनच सुरुवात करते. पायांवर नुसते लाल ठिपके असलेला ८ हजारांचा पेशंट आणि तोंडात फोड असलेला ८ हजारांचा पेशंट, हे दोघे सारखे नसतात. दुसऱ्याला उद्या नाही, आत्ताच उपचार हवेत. डोकं दुखतंय, उलटी झाली, गुंगी येतेय, असं काही असेल तर मेंदूतला रक्तस्राव धरून चालायचं. सीटी करायचाच, पण औषधं सीटीच्या रांगेत थांबवायची नाहीत.

मुलीची प्लीहा हाताला लागत नव्हती. स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब, मॅडमनी सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः पाहिला. प्लेटलेट अगदी तुरळक, त्यातल्या काही आकाराने मोठ्या. ब्लास्ट (ल्युकेमियात दिसणाऱ्या कच्च्या पेशी) नाहीत, तुटक्या लाल पेशी नाहीत. म्हणजे बहुधा आयटीपी, शरीराची प्रतिकारशक्तीच प्लेटलेट नष्ट करते तो आजार. मग एकामागून एक सगळं सुरू झालं: शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, वजनाच्या किलोला १ ग्रॅम या हिशेबाने इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडी), रक्ताची गाठ विरघळू न देणारं ट्रॅनेक्सामिक ॲसिड, पाळी थांबवण्यासाठी नॉरएथिस्टेरॉन, लाल पेशींच्या पिशव्या आणि त्यांच्या जोडीला प्लेटलेट. इम्युनोग्लोब्युलिन फार महाग पडतं, म्हणून समाजसेवा अधीक्षकांना मॅडमनी रात्रीच फोन लावला. तो फोन सकाळवर ढकलू नका.

लाल पेशी फक्त फिकेपणासाठी देतात, असं मला वाटायचं. खरं तर वाहत्या रक्तात लाल पेशी मधोमध राहतात आणि प्लेटलेटना रक्तवाहिनीच्या भिंतीकडे ढकलतात. हिमोग्लोबिन ५ इतकं खाली असलं की उरल्यासुरल्या प्लेटलेटही जखमेपर्यंत नीट पोचत नाहीत.

एसडीपीची (एकाच दात्याकडून मशीनने काढलेल्या प्लेटलेटची) एक पिशवी संपल्यावर तासाभराने काउंट पाठवला. एरवी एका एसडीपीने तो ३० ते ५० हजारांनी वाढतो. आला ६ हजार. मला वाटलं पिशवीच खराब असणार. तेव्हा मॅडमनी विल्यम हॅरिंग्टनबद्दल सांगितलं. १९५० साली अमेरिकेत सेंट लुइसला या तरुण डॉक्टरने आयटीपीच्या पेशंटचं रक्त स्वतःच्या शिरेत घेतलं. काही तासांत त्याच्या प्लेटलेट जवळजवळ नाहीशा झाल्या, आणि काही दिवसांनी परत आल्या. प्लेटलेटचा नाश करणारी गोष्ट पेशंटच्या रक्तातच होती. आपण चढवलेल्या प्लेटलेटचीही तीच गत होते. म्हणून आयटीपीत त्या फक्त जीवावरच्या रक्तस्रावात द्यायच्या, आणि तेव्हाही स्टेरॉइड व इम्युनोग्लोब्युलिनच्या सोबत.

ल्युकेमियाचं गणित वेगळं. तिथे हाडांतली मज्जाच प्लेटलेट बनवत नाही, त्यामुळे चढवलेल्या टिकतात. रक्तस्राव नसला तरी १० हजारांच्या खाली गेल्यावर देतात. मोठा रक्तस्राव असेल तर ५० हजारांच्या वर, मेंदूत असेल तर १ लाखाच्या आसपास नेण्याचा प्रयत्न असतो. डेंग्यूत नुसत्या आकड्यासाठी पिशवी लावू नका. नातेवाईक कितीही मागे लागले तरी हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) आणि बीपी बघा.

आणि टीटीपी, म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांत प्लेटलेटच्या गुठळ्या होतात तो आजार. स्मिअरमध्ये तुटक्या लाल पेशी दिसल्या, सोबत पेशंट बरळत असेल, एलडीएच (पेशी फुटल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम) खूप वाढलं असेल, तर प्लेटलेटला हात लावायचा नाही, थेट प्लाझ्मा एक्स्चेंजची, म्हणजे पेशंटचा प्लाझ्मा काढून दात्याचा देण्याची, तयारी करायची. स्मिअर न बघता पिशवी लावायची नाही, हा मॅडमचा नियम मी आजही मोडत नाही. रक्तस्राव अजिबात नाही आणि काउंट १२ हजार, असं दिसलं तरी आधी स्मिअरच. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणारं रसायन असलेल्या) बाटलीत कधीकधी प्लेटलेटचे गोळे होतात आणि मशीनला त्या मोजता येत नाहीत. सायट्रेटच्या बाटलीत नमुना परत पाठवला की उलगडा होतो.

वॉर्डातलं थोडं सांगते. प्लेटलेटची पिशवी फ्रीजमध्ये ठेवायची नाही. ब्लड बँकेत ती २०–२४ अंशांवर सतत हलती ठेवतात, तीही फार तर ५ दिवस. पिशवी आणायला मामांना (वॉर्डबॉयना) पाठवण्याआधी आयव्ही लाइन चालू आहे ना ते बघा, आणि पिशवी आली की लगेच लावा. एकदा माझ्याच गाफीलपणामुळे एक पिशवी रात्रभर वॉर्डच्या फ्रीजमध्ये राहिली आणि वाया गेली. ती कुणीतरी दीड तास बसून दिलेली होती. दंडात किंवा कमरेत इंजेक्शन नको. ताप-दुखण्याला पॅरासिटामॉल द्या; डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन नको. लघवीतून रक्त जात असेल तर ट्रॅनेक्सामिक ॲसिड सुरू करण्याआधी सीनियरना विचारा, कारण मूत्रनलिकेत रक्ताची गाठ अडकू शकते.

त्या मुलीच्या फाइलमध्ये मॅडमनी मला काउंटच्या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने आखायला लावले होते: दिवसभरात किती पॅड भिजले, आणि तोंडात नवे फोड किती. ते मी तिच्या आईला विचारून भरायचे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी सांगितलं, "आज एकच, तोही पूर्ण भिजला नाही." नवे फोड शून्य. त्या दिवशीचा काउंट होता ११ हजार.