गूगलवर दुकानाचं नाव पाटीवरचंच ठेवा

नागपुरात इतवारीत किंवा महालात दुकान असेल, तर वेबसाइटआधी गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगल सर्च आणि मॅपवर दिसणारी दुकानाची नोंद, नीट भरा. ते फुकट आहे. नाव पाटीवर आहे तेच टाका. ‘नागपुरातलं बेस्ट सावजी’ असलं शेपूट जोडणं नियमांत बसत नाही, प्रोफाइल बंदही पडू शकतं. खरं लक्ष मुख्य कॅटेगरीकडे द्या. साड्या विकता, तर नुसतं ‘कपड्यांचं दुकान’ नको, साड्यांचीच कॅटेगरी शोधून घ्या. जोडीला आणखी ९ घेता येतात, पण सगळ्या भरायचा हव्यास कशाला? इतवारीच्या बोळांत पत्त्यापेक्षा नकाशावरच्या पिनवरच भिस्त असते, म्हणून ती स्वतः सरकवून अचूक दारावर आणा. मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी दुकान उशिरा उघडणार असेल, तर त्या तारखेची वेळ आधीच बदलून ठेवा.