तारेवर पक्षी अडकला तर काय करायचं

आपल्या संभाजीनगर, नांदेड, परभणीत गल्लोगल्ली डीपी (विजेचे ट्रान्सफॉर्मर) आहेत आणि त्याच्यावर घार नाहीतर घुबड मरतंय. एका तारेवर बसलेल्या पक्ष्याला काही होत नाही, पण घारीचे पंख पसरले की दोन तारांना नाहीतर तार अन् लोखंडी अँगल दोन्हीला लागतात आणि करंट तिच्या अंगातून जातो.

पक्षी तारेला अडकलेला दिसला तर आधी महावितरणच्या १९१२ ला फोन करा, लाईन बंद करायला सांगा, पोलचा नंबर सांगा. बांबू घेऊन कुणीही वर जाऊ नका, ११ केव्हीला (११ हजार व्होल्टला) वाळलेला बांबू पण भरवशाचा नाही, लेकरांना तर लांबच ठेवा. वनविभागाला १९२६ वर कळवा.

खाली पडला असेल आणि जवळ तुटलेली तार नसेल तर टॉवेल टाकून उचला, घारीची नखं लई लागतात, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ठसका लागून मरतो.

एकाच डीपीवर परत परत पक्षी मरत असतील तर फोटो लावून महावितरणकडे लेखी अर्ज द्या, जंपरला (डीपीवरच्या उघड्या जोडतारांना) इन्सुलेशन कव्हर मागा. संक्रांतीनंतर तारेवरचा मांजा पण त्यांच्याकडूनच काढून घ्या.