निकाल कळण्याआधी फिल्म बघा

वैद्यकीय निष्काळजीपणाच्या प्रकरणात तज्ज्ञ म्हणून मत द्याल का, असं विचारणारा पहिला फोन आला तेव्हा मला रेडिओलॉजीत बारा वर्षं झाली होती. पेशंटच्या बाजूचे वकील बोलत होते आणि घाईत होते. एका दमात त्यांनी सगळं सांगून टाकलं: उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात कॅन्सर, आणि चौदा महिन्यांपूर्वीचा छातीचा एक्स-रे ‘नॉर्मल’ म्हणून रिपोर्ट झालेला. मी फिल्म उघडली. नजर थेट पहिली बरगडी आणि कॉलरबोन एकमेकांवरून जातात तिथे गेली. गाठ होती. साधारण नऊ मिलिमीटरची, पुसट कडांची. “हातच्या कांकणाला आरसा कशाला, डॉक्टर,” वकील म्हणाले.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मी ती फिल्म वाचलीच नव्हती. सांगितलेल्या जागी बघितलं, इतकंच. मूळ रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टरसमोर ‘खोकला, तीन आठवडे’ एवढीच माहिती होती.

मग वकिलांची परवानगी घेऊन, नाव-तारीख काढून, तो एक्स-रे मी इतर तीस एक्स-रेंमध्ये मिसळला आणि पाच सहकाऱ्यांना वाचायला दिला. माहिती तीच, तीन आठवड्यांचा खोकला. दोघांनी गाठ दाखवली. एकाची नजर तिथे थांबली, पण ‘बरगडीची सावली’ म्हणून तो पुढे गेला. उरलेल्या दोघांना काही वाटलं नाही. पाच जणांच्या वाचनातून काही सिद्ध होत नाही, आणि हे मी अहवालात तसंच लिहिलं. पण माझं मत त्यामुळे बदललं: गाठ फिल्मवर आहे, तरीही वाजवी कौशल्याच्या रेडिओलॉजिस्टकडून ती सुटू शकते. वकील नाराज झाले. त्यांनी मला पुढे बोलावलं नाही.

नव्याने या कामात येणाऱ्यांना मी सगळ्यात आधी हेच सांगतो. वकिलांना सुरुवातीलाच सांगा, ‘मला निकाल सांगू नका, म्हणजे पेशंटला पुढे काय निघालं ते. स्कॅन, त्या वेळची मागणीची चिठ्ठी आणि आधीच्या तपासण्या पाठवा. मूळ रिपोर्टसुद्धा नंतर.’ पहिलं वाचन करा, लिहा, तारीख-वेळ घाला आणि मगच बाकीची फाइल उघडा. निकाल आधीच कानावर पडला असेल तर तेही अहवालात लिहा, लपवू नका. मागे वळून बघताना गाठ किती सहज दिसते याचा पुरावा जुनाच आहे. मेयो क्लिनिकच्या फुफ्फुस-कॅन्सर तपासणी प्रकल्पातून 1983 साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणात, फुफ्फुसाच्या परिघाकडच्या कॅन्सरपैकी 90 टक्के कॅन्सर आधीच्या एक्स-रेवर मागाहून दिसले होते. आणि त्या फिल्म वाचणारे मुद्दाम कॅन्सर शोधायलाच बसलेले होते.

कायद्याचं फार खोल ज्ञान लागत नाही, पण इंग्लंडच्या न्यायालयांचे दोन निकाल माहीत हवेत, कारण त्यांतली भाषा अनेक देशांच्या न्यायालयांत ऐकू येते. 1957 च्या बोलम प्रकरणातली कसोटी अशी, की त्या शाखेतल्या जबाबदार डॉक्टरांचा एक गट जे योग्य मानतो त्यानुसार वागलेला डॉक्टर निष्काळजी ठरत नाही. 1997 च्या बोलिथो निकालाने त्यात भर घातली: तज्ज्ञांचं ते मत तर्काला टिकायला हवं. म्हणजे ‘आम्ही सगळे असंच करतो’ एवढ्यावर भागत नाही. का करतो, ते सांगता आलं पाहिजे.

गाठ नजरेतून सुटण्याजोगी आहे म्हणून सगळं माफ, असंही समजू नका. एका प्रकरणात मी डॉक्टरच्या बाजूने फाइल बघत होतो. पोटाच्या सीटीवर किडनीतली छोटी गाठ ‘सिस्ट’, म्हणजे पाण्याची साधी पिशवी, म्हणून गेली होती. एकटा तो स्कॅन बघितला तर मीही कदाचित तसंच म्हटलं असतं. मग पॅक्सचा, म्हणजे स्कॅन साठवणाऱ्या आणि दाखवणाऱ्या सिस्टीमचा, लॉग मागवला. दोन वर्षांपूर्वीचा सीटी त्याच सिस्टीमवर होता आणि रिपोर्ट देताना तो उघडलाच गेला नव्हता. शेजारी शेजारी लावला असता तर गाठ वाढलेली आहे हे शिकाऊ डॉक्टरलाही दिसलं असतं. इथे नजर कमी पडली नव्हती, करायचं ते काम झालं नव्हतं. मी तसं लेखी कळवलं, आणि ते ज्यांनी मला नेमलं त्यांच्याच विरोधात गेलं. तज्ज्ञाची बांधिलकी न्यायालयाशी असते, फी कोणी का देईना. फी नेहमी वेळेप्रमाणे ठरवा. निकालावर अवलंबून फी देऊ करणाऱ्याला तिथेच नकार द्या.

त्या काळची मोजपट्टी हा आणखी एक खड्डा. सीटीवर अचानक सापडलेल्या फुफ्फुसातल्या गाठींसाठी फ्लाइशनर सोसायटी या छातीच्या रेडिओलॉजीतल्या तज्ज्ञांच्या संस्थेच्या सूचना 2005 साली आल्या. त्यांनुसार कमी जोखमीच्या माणसातल्या पाच मिलिमीटरच्या घट्ट गाठीला बारा महिन्यांनी पुन्हा सीटी. 2017 च्या सुधारणेनंतर त्याच गाठीला नेहमीचा पाठपुरावा लागत नाही. म्हणून आधी स्कॅनची तारीख बघा, मग सूचना काढा. आजच्या पट्टीने कालचं काम मोजलं की उलटतपासणीत पहिल्या पाच मिनिटांत मत कोसळतं, आणि ते कोसळायलाच हवं.

‘तेव्हाच सापडली असती तर वाचला असता का?’ हा प्रश्न हमखास येतो. गाठीचं घनफळ दुप्पट होताना तिचा व्यास साधारण 26 टक्केच वाढतो. त्यामुळे दोन स्कॅनमधल्या मिलिमीटरच्या फरकावरून, गाठ आधी केव्हा किती मोठी असेल याचं उलटं गणित मांडण्याचा मोह होतो. पण मापनातली एखाद्या मिलिमीटरची चूकसुद्धा लहान गाठीत सगळं गणित उलटवते. स्कॅनवर काय आणि केव्हा दिसत होतं, एवढं सांगा. उपचार आणि आयुष्याचा अंदाज कॅन्सरतज्ज्ञावर सोडा.

बाकी सरावाच्या गोष्टी. मूळ डायकॉम फाइलच (स्कॅनची मूळ डिजिटल फाइल) मागा, मोबाइलवर आलेला फोटो किंवा प्रिंट नको. रिपोर्टिंगच्याच मॉनिटरवर बघा. कोणती विंडो, म्हणजे उजळपणा-कॉन्ट्रास्टची कोणती सेटिंग, लावली ते लिहा. पक्षकार ओळखीचा असेल तर प्रकरण घेऊ नका.

न्यायालयातला एक प्रसंग सांगतो. पेशंटच्या वकिलांनी पडद्यावर एक्स-रेचा मोठा केलेला तुकडा लावला होता, गाठीवर लाल बाण. “ही गाठ तुम्हाला दिसते ना, डॉक्टर?” दिसते, मी म्हणालो. पुढचा प्रश्न येण्याआधी मी न्यायाधीशांना विनंती केली, की पूर्ण एक्स-रे बाणाशिवाय, रिपोर्ट देताना होता त्याच आकारात लावता येईल का. लावला. न्यायाधीश पुढे झुकले, चष्मा वर सरकवला आणि बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे वळून विचारलं, “नक्की कुठे आहे?”