गोधडी शिवणाऱ्या मावशींचं कौतुक वर्षभर कसं करायचं

आठ मार्च आला की गल्लीतल्या दोन-चार गोधडी शिवणाऱ्या आज्यांना स्टेजवर बोलवायचं, शाल-श्रीफळ द्यायचं, फोटो काढायचा आणि पुढच्या वर्षापर्यंत विसरून जायचं, हे आता बास करूया. त्यात शाल कसली तर मिलमधली पॉलिस्टरची, आणि ती घालायची कुणाच्या खांद्यावर, तर जिनं जन्मभर हातानं पांघरुणं शिवली तिच्या! खरं कौतुक करायचं असेल तर त्यांच्या कामाचं जे वेळापत्रक आहे ना, उन्हाळ्यात शिवायचं, नवरात्राआधी धुवायचं, थंडीत पांघरायचं, त्यालाच धरून तुमच्या सोसायटीत, वाडीत नाहीतर बचत गटात वर्षभर काहीतरी चालू ठेवा. कसं ते सांगते.

सुरुवात होळीनंतर, कपडे गोळा करण्यापासून. ग्रुपवर मेसेज टाकताना नुसतं "जुने कपडे द्या" लिहू नका, लोक फाटक्या जीन्स आणि नायलॉनचे पडदे आणून टाकतात. स्पष्ट लिहा: सुती साड्या, नऊवारी लुगडी, धोतरं, सुती बेडशीट, ब्लाऊजपीस आणि खणाचे तुकडे, सगळं धुतलेलं आणि हुक-बटणं काढलेलं. सुती आहे की नाही शंका आली तर एक धागा उपसून काडीनं जाळा, सुताची राख होते आणि कागद जळल्याचा वास येतो, सिंथेटिक असेल तर वितळून कडक गोळी होते. सिंथेटिक अगदी फेकून द्या असं नाही, पण गोधडीत घालू नका, घाम शोषत नाही आणि थरात घसरतं.

मापाचं गणित सोपं आहे. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर, तिच्या तीन घड्या घातल्या की सहा फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद अशी तीन पदरी सिंगल गोधडी एकाच साडीत होते. नऊवारी सव्वाआठ मीटरच्या आसपास, तिच्या चार घड्या, म्हणजे चार पदर आणि लांबीही पावणेसात फूट, उंच माणसाला बरी. उन्हाळ्यासाठी आणि एसीत झोपणाऱ्यांसाठी दोन-तीन पदर पुष्कळ, थंडीसाठी पाच-सहा. त्याच्या वर गेलात तर सुई आरपार जात नाही आणि म्हाताऱ्या बोटांचे हाल होतात, त्यामुळे "मावशी अजून जाड करा ना" असा हट्ट धरू नका. पोटात घालायला फाटकी जुनी गोधडीसुद्धा चालते, खेड्यात कित्येक गोधड्यांच्या आत आधीच्या पिढीची गोधडी असते.

शिवायला एप्रिल-मे उत्तम, शेतातली कामं कमी, दुपार मोठी, आणि नातवंडं सुट्टीला आलेली म्हणजे सुईत दोरा ओवायला तरणे डोळे घरातच. जागा मात्र मोकळी लागते, मंदिराचा सभामंडप, सोसायटीचा हॉल, जिन्याखालची पार्किंगसुद्धा चालेल पण फरशी स्वच्छ पुसून घ्या. टेबल-खुर्च्या मांडून "वर्कशॉप" करायच्या भानगडीत पडू नका, गोधडी जमिनीवरच शिवतात. खाली अस्तर पसरायचं, त्यावर आतले पदर, प्रत्येक पदर हातानं मधून कडेकडे सारवत न्यायचा, चार कोपऱ्यांवर पाट नाहीतर वरवंटा ठेवायचा, सगळ्यात वर तुकडे जोडलेला चेहरा. मग वीतभर अंतरावर लांब कच्चे टाके. ही पायरी लोक गाळतात आणि मग शेवटी एका बाजूला झोळ येतो, तो काढता काढता जीव जातो.

जाणती बाई कशी बसते ते एकदा नीट बघा, आणि पोरांनाही बघायला लावा. ती गोधडीवरच बसते, एक पाय दुमडलेला, दुसऱ्या पायाच्या अंगठ्यानं कापड दाबून ताणून धरलेलं, डावा हात खालून पदर चाचपतो आणि उजव्या हातातली सुई चार-पाच टाके एकदम घेऊन मगच दोरा ओढते. दोरा ओढताना हात कानापर्यंत जातो, त्याहून लांब दोरा ती घेतच नाही, गुंता होतो म्हणून. गाठ पदरांच्या आत ढकललेली, उलट्या बाजूनं शोधून सापडणार नाही. हे धावदोरे कडेपासून सुरू होऊन चौकटीत आत आत येतात, दोन ओळींत बोटभर अंतर. चौघीजणी एकाच गोधडीवर बसणार असाल तर जिचा हात बसलेला आहे तिला कडेला बसवा, नवशिक्यांना मधला भाग द्या, कारण एकीचा टाका घट्ट आणि दुसरीचा सैल असला की कड वेडीवाकडी होते.

उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या, हल्याळ-यल्लापूरकडच्या, आफ्रिकन वंशाच्या सिद्दी बायकाही अशाच कडेपासून आत शिवत येतात. त्यांच्या गोधडीला कवंदी म्हणतात आणि चारी कोपऱ्यांना तुकड्यांच्या घड्या घालून केलेली फुलं लावल्याशिवाय ती पुरी झाली असं त्या मानत नाहीत. पोरांना मोबाईलवर त्यांचे फोटो दाखवा, आपल्या आजीच्या गोधडीशेजारी ठेवून. शाळेतल्या प्रोजेक्टपेक्षा जास्त कळेल.

पावसाळ्यात मोठी गोधडी काढू नका. दमट हवेत कापडाला वास धरतो, सुया गंजतात (टाल्कम पावडरच्या डबीत ठेवा, टिकतात), आणि गावाकडे बायका लावणी-खुरपणीत असतात त्यांना वेळच नसतो. या दिवसांत फक्त दुपटी आणि आसनं, जेवढं मांडीवर मावतं तेवढंच. दुपट्याला आजीचं मऊ झालेलं लुगडं सगळ्यात चांगलं, जर आणि टिकल्या अजिबात नकोत, बाळाच्या अंगाला टोचतात. कुणाकडे बारसं असेल तर गटाकडूनच दुपटं घ्या. ह्यूस्टन नाहीतर लंडनला असलेल्या नातवासाठी दुपटं मागणाऱ्या आज्या दर सोसायटीत दोन-तीन सापडतातच, आणि दुपटं कुरिअरला हलकंही पडतं.

मग भाद्रपद संपता संपता, घटस्थापनेच्या आधी, सगळ्या घरातली अंथरुणं-पांघरुणं निघतात धुवायला. पूर्वी बैलगाडी भरून नदीवर जायचं, आता टेरेसवर करा पण एकत्र करा, कारण ओली पाच पदरी गोधडी एकट्या बाईला उचलत नाही. रात्री कोमट पाण्यात साबण घालून भिजवा, सकाळी पायानं तुडवा, मग दोघींनी दोन टोकं धरून उलट-सुलट पीळ द्या. लाल खण असलेली गोधडी पहिल्यांदा वेगळीच धुवा, रंग जातो आणि बाकीच्या सगळ्या गुलाबी होतात. वाळत घालताना दोन दोऱ्यांवर पसरा, एकाच दोरीवर टाकली तर मधोमध ताण येऊन टाके उसवतात. हाच दिवस दुरुस्तीचा ठेवा, वाळल्यावर जिथं टाके गेलेत तिथं खडूनं खूण करायची आणि मुलींनी बसून ठिगळं लावायची. शिकायला ठिगळासारखं काही नाही, बिघडलं तरी कुणी रागावत नाही.

प्रदर्शन थंडीतच करा, लोकांना पांघरूण बघून हात लावावासा वाटतो तो थंडीत. आणि त्यासाठी वेगळा कार्यक्रम घ्यायची गरज नाही, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाला बायका येतातच. गोधड्यांना खिळे मारू नका, वरच्या कडेला मागून कापडाची नळी शिवा आणि त्यातून बांबू घालून टांगा. उजेड समोरून नको, बाजूनं पाहिजे, तेव्हाच धावदोऱ्याच्या लाटा दिसतात. निम्म्या गोधड्या उलट्या टांगा, कारण रंगीत तुकडे कुणीही जोडेल पण हात कसा आहे ते मागच्या बाजूला कळतं. कार्डावर शिवणारीचं नाव (तिला विचारून), गाव, साल आणि कुणाच्या साड्या आहेत ते लिहा. त्याहून चांगलं म्हणजे शिवतानाच कोपऱ्यात दोऱ्यानं नाव घालायला सांगा, आधी लाजतील, "कशाला गं" म्हणतील, पण एकीनं घातलं की बाकीच्या मागं राहत नाहीत. वाण म्हणून प्लॅस्टिकचा डबा देण्यापेक्षा सुयांचं पाकीट आणि पांढऱ्या दोऱ्याचं रीळ द्या.

माईक दिलाच तर त्यांच्या हातात द्या, नगरसेवकाच्या नको. आणि "तुम्हाला काय वाटतं" असलं विचारू नका, मावशी गप्प बसतात. "हा हिरवा तुकडा कुणाचा?" विचारा, पंधरा मिनिटं बोलतील.

आता पैशाचं, कारण सगळं कौतुक इथंच फसतं. पावणेचार फूट रुंदीत बोटभर अंतरानं ओळी घातल्या की पन्नासच्या वर ओळी होतात, प्रत्येक सहा फुटांची असं धरलं तर तीनशे फुटांच्या वर शिवण, इंचाला तीनच टाके पकडले तरी दहा हजारांवर टाके. आणि आपण विचारतो, "जुन्याच साड्या आहेत ना मावशी, मग एवढे कशाचे?" मजुरी ठरवताना गावात शेतमजुरीचा जो रोज चालू आहे तो पाया धरा, किती दिवस लागले ते मावशींनाच वहीत मांडायला सांगा, वर दोरा-सुईचा खर्च, आणि गटाच्या डब्यात थोडे. निम्मे पैसे ऑर्डर देताना द्यायचे. यूपीआय केलंत तर मावशींच्या स्वतःच्या खात्यावर करा, मुलाच्या नंबरवर नाही. मुंबईत महालक्ष्मी सरससारखी बचत गटांची प्रदर्शनं भरतात तिथं जायचं असेल तर दिवाळीच्या आतच पाच-सहा तयार गोधड्या बाजूला काढून ठेवा, ऐनवेळी रात्र-रात्र बसवून शिवून घेऊ नका.

आणि शिवणाऱ्या मावशींच्या स्वतःच्या घरात कोणती गोधडी आहे ते एकदा जाऊन बघा. बऱ्याचदा चांगल्या सगळ्या विकलेल्या असतात आणि त्या स्वतः चादरीवर भागवत असतात. पुढच्या उन्हाळ्यात गटाची पहिली गोधडी त्यांच्यासाठी शिवायची, तुकडे त्यांनी निवडायचे, टाके आपण घालायचे, आणि वाकडे झाले तर त्यांना मनसोक्त उसवू द्यायचे.