स्तन काढल्यावर पुनर्रचना करायची की नाही? ठरवताना या चुका टाळा

स्तनातली गाठ कॅन्सरची असल्याचा रिपोर्ट हातात पडला की घरात पहिली चिंता जिवाची, दुसरी पैशाची. स्तन काढल्यावर पुढं काय, ऑपरेशन करून छातीवर पुन्हा स्तनाचा आकार घडवायचा का, म्हणजे पुनर्रचना करायची का, हा विषय कुणी काढतच नाही. बाई संकोचानं गप्प, घरचे ‘आधी ऑपरेशन होऊ दे’ म्हणणार, आणि ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरांना निवांत बोलायला सवड नाही. मग तिला न विचारताच निर्णय होऊन जातो. कागल, गडहिंग्लज, राधानगरीकडून कोल्हापुरात उपचाराला येणाऱ्या बायकांच्या घरच्यांसाठी, आणि वॉर्डात त्यांच्याशी बोलणाऱ्या सिस्टर, आशाताईंसाठी हे लिहिते आहे.

‘आता या वयात काय करायचंय?’

हे वाक्य सर्वांत जास्त नुकसान करतं. पुनर्रचनेला नुसतं वय आड येत नाही. शुगर, वजन, हृदयाची अवस्था, तंबाखूची सवय या गोष्टी आड येतात. साठीतल्या बाईला हवी असू शकते आणि पस्तिशीतलीला नको असू शकते. सासूबाई, दीर, मुलगा सगळे समोर उभे असताना विचारलं तर उत्तर एकच येतं, ‘आमास्नी काय कळतंय, तुमी म्हणाल तसं.’ तीच बाई बहीण किंवा सिस्टर एकटी जवळ असली की हळूच विचारते, ‘ब्लाऊज कसा बसंल ओ?’ तिच्या मनातलं खरं तिथून कळायला लागतं. म्हणून पाच मिनिटं का होईना, तिच्याशी एकटीशी बोला.

स्तन काढावाच लागेल, असं धरून चालणं

गाठ लहान असेल तर बऱ्याच जणींचा स्तन वाचवून फक्त गाठ काढता येते आणि नंतर रेडिएशन देतात. अमेरिका आणि इटलीतल्या दोन मोठ्या अभ्यासांचे 20 वर्षांचे निष्कर्ष 2002 साली प्रसिद्ध झाले. स्तन काढणं आणि स्तन राखणं, दोन्ही पद्धतींत जगण्याचं प्रमाण सारखंच निघालं. तेव्हा ‘स्तन राखता येईल का?’ हा प्रश्न पुनर्रचनेच्याही आधी विचारा.

रेडिएशनचा आणि रोजच्या कामाचा विचार न करणं

पुनर्रचनेचे ढोबळ दोन मार्ग. एकात सिलिकॉनचं इम्प्लांट बसवतात, काही वेळा आधी कातडी ताणायला एक्सपांडर (हळूहळू फुगवायची पिशवी) ठेवून. दुसऱ्यात पाठीची किंवा ओटीपोटाची स्वतःची चरबी-कातडी, कधी स्नायूसह, छातीवर आणतात. इम्प्लांटचं ऑपरेशन छोटं, पण त्यावर रेडिएशन झालं तर भोवतीचं आवरण आवळून स्तन कडक होणं, दुखणं, आकार बिघडणं यांचं प्रमाण वाढतं. स्वतःच्या मांसाचा स्तन रेडिएशन तुलनेनं बरं सोसतो. मात्र ऑपरेशन कित्येक तासांचं असतं आणि अंगावर आणखी एक मोठा व्रण येतो. म्हणून रेडिएशन लागण्याची शक्यता किती, हे कॅन्सर सर्जन आणि प्लास्टिक सर्जन दोघांकडून ऑपरेशनआधी समजून घ्या. कधी कधी रेडिएशन संपवून काही महिन्यांनी पुनर्रचना करणंच शहाणपणाचं ठरतं.

आणि ती दिवसभर काय काम करते, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. पाठीचा स्नायू घेतला की खांद्याची ताकद थोडी कमी होऊ शकते. डोक्यावर वैरणीचा भारा उचलून नेणारी, पहाटे म्हशीची धार काढणारी बाई आणि खुर्चीत बसून काम करणारी बाई यांचा हिशोब एक नाही. पोटाचा भाग घेतला तर साधारण दीड-दोन महिने जड उचलता येत नाही. ते काम तेवढे दिवस घरात कोण करणार, हे आधीच ठरवा.

मिश्री लपवणं

आपल्याकडं अनेक बायका मिश्री लावतात आणि डॉक्टरांनी ‘तंबाखू खाता का?’ विचारलं की ‘नाही’ म्हणतात, कारण मिश्रीला त्या तंबाखू धरत नाहीत. निकोटीननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात, जखम भरत नाही, आणलेलं मांस काळं पडून काढावंही लागू शकतं. थेट मिश्रीचं नाव घेऊनच विचारा, न रागावता. ऑपरेशनच्या किमान चार आठवडे आधी ती बंद हवी.

‘असलं केलं की कॅन्सर परत येतो’

पुनर्रचनेमुळं स्तनाचा कॅन्सर परत येण्याचं प्रमाण वाढत नाही. खडबडीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती क्वचित लिम्फोमा नावाचा वेगळाच कॅन्सर होतो, हे मात्र खरं. अशी काही इम्प्लांट 2019 मध्ये जगभरातून परत मागवली गेली. कोणत्या प्रकारचं बसवणार, हे विचारा. इम्प्लांट जन्मभराचं नसतं, पुढं बदलावं लागू शकतं, हेही तिला आधीच कळायला हवं. तसंच, नव्या स्तनाला पहिल्यासारखी संवेदना नसते आणि आकार नीट यायला बहुधा एकापेक्षा जास्त ऑपरेशनं लागतात. सर्जनकडं त्यांच्या स्वतःच्या पेशंटचे फोटो मागा, मनासारखे न जमलेलेही.

‘नको’ म्हणाली की विषय बंद करणं

पुनर्रचना नको म्हणणं हाही पूर्ण निर्णय आहे. तिची समजूत घालत बसू नका. पण पुढची सोय सांगा. जखम भरेपर्यंत हलका कापसाचा पॅड, नंतर खिसा शिवलेल्या ब्रामध्ये स्तनासारखं वजन असलेला सिलिकॉन पॅड. नुसता कापूस ब्लाऊजमध्ये कोंबला तर हात वर केला की तो सरकतो, आणि बाई चारचौघांत जायचं टाळायला लागते.

खर्चाचं म्हणाल तर, महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत स्तन काढण्याबरोबर पुनर्रचना बसते का, हे भरती होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून स्पष्ट करून घ्या. इम्प्लांटची किंमत वेगळी धरली आहे का, तेही. पुनर्रचनेसाठी लांबच्या शहरात नंबर लावून मूळ उपचार मात्र लांबवू नका. आज नको म्हटलेली पुनर्रचना काही वर्षांनीही करता येते. त्यासाठी बायोप्सी आणि ऑपरेशनचे कागद, रेडिएशन किती आणि कुठं दिलं त्याचा तपशील, आणि इम्प्लांट बसवलं असेल तर त्याचं कार्ड, एका फाईलमध्ये तिच्याच हाताशी ठेवा.